आपली खाडी कोकणात नाही
(अभ्यासपाठ : जंगलातल्या मुलांना नदीमुख शिकवताना)

शास्त्रवाचन : यहेज्केल ४७:१-१२, उपदेशक १:७, लूक १०:२५-३७

पाठ कोणासाठी : वसतिगृहातील व शाळेतील शिक्षक, संडेस्कूल शिक्षक, तरुण संघ, तसेच या कामाला हातभार लावणाऱ्या सर्व मंडळ्या

पाठाचा हेतू : चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसला तरी खाडीचा अभ्यास त्यांना आपल्या दारच्या नाल्यापासून करता यावा, आणि पाण्याच्या वाटेवरचा आपला शेजारी कोण हे आपणा सर्वांना कळावे.

१. प्रश्न कोठे येतो

खाडी म्हटले की महाराष्ट्रातल्या शिक्षकाच्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. ठाण्याची खाडी, धरमतर, दाभोळ, जयगड, तेरेखोल. चिखलात उभी कांदळवने, होड्या, सुकत घातलेली जाळी. हे चित्र खरेच आहे. पण सिरोंचा, भामरागड, एटापल्ली किंवा मूल, सावली भागातल्या मुलापुढे हे चित्र ठेवले की ते फक्त पाठ करते. त्याला वाटते, ही कोठल्या तरी दूरच्या, मोठ्या माणसांच्या गावची गोष्ट. परीक्षेत दोन गुणांचे उत्तर लिहायचे आणि विसरून जायचे.

यात एक साधी गोष्ट राहून जाते. आपल्या दोन जिल्ह्यांतला पाण्याचा एक थेंबही कोकणात जात नाही. गडचिरोलीच्या रानात पडलेला पाऊस पूर्वेला जातो, बंगालच्या उपसागराला मिळतो. आपली खाडी कोकणात नाही. ती आंध्र प्रदेशात, काकीनाडा आणि नरसापूरच्या किनाऱ्यावर, गोदावरीच्या मुखाशी आहे. तिथल्या चिखलात आपल्या बांध्यांची माती आहे आणि तिथल्या पाण्यात आपल्या जंगलाचा पालापाचोळा कुजून मिसळलेला आहे. हे एकदा मुलाला कळले, की खाडीचा धडा त्याच्या घरचा होतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला. आपल्या राज्यात लहान वर्गांना परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आला. विषय आहेत, पुस्तके आहेत. अडचण आहे ती पुस्तकातला परिसर आणि मुलाचा परिसर यांची गाठ घालण्याची. हा पाठ त्यासाठी आहे.

२. नाल्यापासून समुद्रापर्यंत

आधी नकाशा. फळ्यावर किंवा अंगणात चुन्याने तो मुलांकडूनच काढून घ्यावा. सुरुवात आपल्या गावच्या नाल्यापासून करावी, समुद्रापासून नाही.

गडचिरोली शहराजवळची कठाणी नदी वैनगंगेला मिळते. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडाऱ्यावरून खाली येते आणि आपल्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. तिकडे वर्धा नदी बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईजवळून निघते. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसजवळ वढा येथे तिला पैनगंगा मिळते. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होतात. तिथून पुढे नदीचे नाव प्राणहिता. प्राणांचे हित करणारी ती प्राणहिता, असा नावाचा सरळ अर्थ होतो, आणि मुलांना तो सांगावा.

प्राणहिता महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवरून वाहत सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. समोरच्या काठावर कालेश्वर. थोडे खाली, सोमनूरला, इंद्रावती येऊन मिळते. ती ओडिशातल्या कालाहांडीतून निघून बस्तरमधून, चित्रकोटच्या धबधब्यावरून उडी घेऊन आलेली असते. गोदावरी स्वतः त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावते. पण त्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत पूर्वेला जाते. तिच्या साऱ्या खोऱ्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. म्हणजे आपले पाणी गोदावरीत भर घालणारी एखादी छोटी धार नव्हे. गोदावरीच्या मुखाशी जे आहे त्यात आपला वाटा मोठा आहे.

पुढे भद्राचलम, पापीकोंडाची घळ, राजमहेंद्री. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला नदी फुटते. तिच्या मुख्य दोन शाखा गौतमी आणि वसिष्ठा. गौतमीच्या बाजूला, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचे कांदळवन आहे. ते १९७८ पासून अभयारण्य आहे. तिथे पाणमांजरे आहेत, मासे मारून खाणारे रानमांजर आहे, आणि पाण्यातून वर श्वासमुळे काढून उभी असलेली झाडे आहेत. हा झाला आपल्या नाल्याचा शेवट. नकाशा पुरा झाला की मुलांना आपल्या गावावर बोट ठेवून समुद्रापर्यंत सरकवायला सांगावे. वाटेत कोणकोणती गावे, धरणे, भाषा लागतात ते मोजावे. माडिया, गोंडी, मराठी, तेलुगू. एकच पाणी इतक्या भाषांतून जाते.

३. भरती म्हणजे काय हे भामरागडच्या मुलाला माहीत आहे

खाडीची खूण म्हणजे भरती-ओहोटी. समुद्र दिवसातून साधारण दोनदा वर चढतो, दोनदा खाली उतरतो. चढताना तो नदीच्या तोंडात शिरतो आणि नदीचे पाणी अडवून मागे रेटतो. समुद्र न पाहिलेल्या मुलाला हे कसे समजवायचे?

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी पुढे जाऊ शकत नाही, ते मागे तुंबते. पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा संपर्क तुटतो. हे तिथल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. सिरोंचाकडच्या मुलांना हेच गोदावरी आणि प्राणहितेच्या पुरात दिसते. शिक्षकाने फक्त एवढेच म्हणावे : "इंद्रावती पर्लकोटेला जशी मागे ढकलते, तसा समुद्र गोदावरीला दिवसातून दोनदा मागे ढकलतो. त्यासाठी पाऊस लागत नाही. ते काम चंद्र आणि सूर्य करतात." मग पौर्णिमा-अमावास्येला भरती का मोठी असते, आणि चंद्र रोज जसा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो तशी भरतीही का उशिरा येते, हे मुले आपापसांत बोलून काढतात. रात्री आकाश पाहणारी मुले आहेत ती. चंद्राच्या वेळा शहरातल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त कळतात.

फरक मात्र सांगायला विसरू नये. पुराचे पाणी गोडे असते आणि वर्षातून काही दिवसच मागे रेटते. भरतीचे पाणी खारे असते आणि रोज येते. म्हणूनच खाडीत राहणाऱ्या प्रत्येक जिवाला रोज दोन तऱ्हेच्या पाण्यात जगता यावे लागते.

४. तीन प्रयोग, खर्च जवळजवळ काही नाही

पहिला प्रयोग : गोडे पाणी वर, खारे खाली. काचेच्या ग्लासात अर्धे पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ विरघळवावे. दुसऱ्या भांड्यातल्या साध्या पाण्याला नीळ किंवा पळसाच्या फुलांचा रंग द्यावा. चमच्याच्या पाठीवरून हे रंगीत पाणी हळूहळू ग्लासात सोडावे. ते मिसळत नाही, वर तरंगत राहते. खाडीत असेच होते : नदीचे हलके पाणी वरून समुद्राकडे जाते, समुद्राचे जड पाणी तळातून आत सरकते. मग ग्लास हलवावा. वारा, लाटा, भरती हे असेच हलवतात, आणि मचूळ पाणी तयार होते.

दुसरा प्रयोग : समुद्राजवळ गाळ का बसतो. नाल्याचे गढूळ पाणी सारख्या दोन बाटल्यांत भरावे. एका बाटलीत मोठा चमचाभर मीठ टाकून दोन्ही हलवून शेजारी ठेवाव्यात. मिठाच्या बाटलीतली बारीक माती लवकर खाली बसते, कारण मिठामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात. गोदावरीच्या मुखाशी हजारो वर्षे हेच होत आले. आपल्याकडून वाहून गेलेली माती खाऱ्या पाण्याला भेटली आणि तिथे बसली. त्रिभुज प्रदेशातली सुपीक भातशेती अशी घडली.

याला जोडून आणखी एक काम द्यावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर एक बाटली जंगलातल्या नाल्यातून भरावी, दुसरी नांगरलेल्या उताराखालून, तिसरी रस्त्याचे काम चालू असेल तिथून. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाटलीच्या तळाशी किती बोटे गाळ बसला ते मोजावे. जंगल काय करते हे मग शिक्षकाने सांगायची गरज राहत नाही.

तिसरा प्रयोग : पाण्याचे आरोग्य. बांबूच्या चौकटीला मच्छरदाणीचे कापड बांधावे. वाहत्या नाल्यात एका मुलाने ते धरावे, दुसऱ्याने त्याच्या वरच्या अंगाचे दगड हलवावेत. कापडावर जे येईल ते पांढऱ्या ताटलीत पाणी घालून सोडावे. शेपटीला दोन-तीन लांब धागे असलेले चपटे किडे, वाळूच्या कणांचे घरटे अंगावर घेऊन चालणाऱ्या अळ्या सापडल्या, तर पाणी स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेले आहे असे समजावे. नुसत्या लाल बारीक अळ्याच सापडल्या तर पाणी आजारी आहे. पाहून झाले की सगळे जीव परत पाण्यात सोडावेत. हा प्रयोग पावसाळा ओसरल्यावर, गुडघ्याखालच्या पाण्यात आणि मोठे माणूस सोबत असतानाच करावा.

५. वर चढणारे आणि खाली उतरणारे

खाडी म्हणजे जलचरांचे बाळंतघर. कांदळवनाची पाने गळून चिखलात कुजतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, ते पिल्ले खातात, पिल्लांना मोठे मासे खातात. मुळांच्या जाळीत पिल्लांना लपायला जागा मिळते. मुलांना हे ओळखीचे वाटेल, कारण आपल्या नाल्यातही अर्जुन, जांभूळ, करंजाची पाने पडून कुजतात आणि त्यावरच नाल्याचे सारे जीवन चालते. पानावर चालणारा संसार दोन्हीकडे सारखाच.

पण काही जीव या दोन्ही ठिकाणांमध्ये प्रवास करतात, आणि हा भाग मुले सर्वांत आवडीने ऐकतात. हिलसा मासा समुद्रात राहतो, पावसाळ्याच्या पुरात अंडी घालायला नदीत वर चढतो. गोदावरीकाठी नदीत आलेल्या या माशाला पुलसा म्हणतात आणि त्याला मोठा भाव असतो. नदीत राहणारे लांबोळके ईल मासे याच्या उलट करतात. वाढतात नदीत, पण अंडी घालायला समुद्रात जातात. गोदावरीतला मोठा नदीझिंगा नदीत वाढतो. मात्र त्याची अगदी लहान पिल्ले मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत. ती खाडीच्या भागात वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर येतात. सगळेच झिंगे असे करत नाहीत. आपल्या बोडीत, बांधीत मिळणारे बारीक झिंगे तिथेच जन्मतात, तिथेच वाढतात.

आता मुलांना विचारावे : या वाटेवर भिंत उभी राहिली तर? उत्तर ती स्वतःच देतील.

इथे एक काम घरी द्यावे. आजी-आजोबांना, गावातल्या ढिवर बांधवांना विचारून माशांची यादी करावी. नाव माडियात किंवा गोंडीत काय, मराठीत काय. कोणत्या महिन्यात मिळतो. डोहात राहतो की वाहत्या पाण्यात. पूर्वी मिळायचा आणि आता दिसत नाही असा कोणता. मरळ, मागूर, वाम यांच्यापलीकडे कितीतरी नावे निघतात. ही यादी वहीत नीट उतरवून शाळेत ठेवावी. दरवर्षी नव्या वर्गाने तीत भर घालावी. दहा वर्षांनी ती वही कोणत्याही छापील पुस्तकाइतकी मोलाची होईल.

६. माझा शेजारी कोण?

लूकच्या शुभवर्तमानातला हा प्रश्न आपण माणसांच्या संबंधात वाचतो. नदीकाठी उभे राहून तो वाचला तर उत्तर आणखी लांब जाते. माझ्या वरच्या अंगाला राहणारा तो माझा शेजारी, आणि खालच्या अंगाला राहणारा तोही.

वरच्या अंगाकडे पाहू. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानच्या मार्गाने वैनगंगेत येते आणि गोसेखुर्दच्या जलाशयात साठते. तेच पाणी पुढे आपल्याकडे येते. चंद्रपूरला कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. तिथली वीज आपण सारेच वापरतो. म्हणून बोट दाखवताना आपल्या घरातला दिवाही आठवावा.

खालच्या अंगाकडे पाहू. विष टाकून डोहातले मासे मारले, तर ते विष आपल्या गावात थांबत नाही. प्लास्टिकची पिशवी नाल्यात टाकली तर ती सिरोंच्यात थांबत नाही. आपण उतारावर राहतो. आपले हात धुतलेले पाणी दुसऱ्याच्या भांड्यात जाते.

चांगल्या हेतूने केलेल्या कामालाही खालचा आणि वरचा अंग असतो, हेही मुलांना शिकवावे. सर आर्थर कॉटन हा इंग्रज अभियंता निष्ठावंत ख्रिस्ती होता. १८३० च्या दशकातल्या दुष्काळाने गोदावरीचा मुलूख उजाड झाला होता. समोरून नदी भरून वाहते आणि काठावर माणसे अन्नाविना मरतात, हे कॉटनला सहन झाले नाही. १८४७ ते १८५२ या काळात त्याच्या देखरेखीखाली धवळेश्वरमचा बंधारा बांधला गेला. पुढे तो प्रदेश भाताचे कोठार झाला आणि तिथला शेतकरी आजही त्याचे नाव आदराने घेतो. पण त्याच बंधाऱ्याने वर चढणाऱ्या पुलसाची वाट अडवली. पुढे साऱ्या खोऱ्यात धरणे झाली, गाळ धरणांत अडकू लागला, आणि मुखाशी समुद्र किनारा खाऊ लागला. आपल्या सिरोंचासमोर मेडीगड्ड्याचा बंधारा २०१९ साली सुरू झाला. त्याच्या फुगवट्याचे पाणी सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत शिरले आणि शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. तेलंगणाच्या शेतीला पाणी देण्यासाठी केलेले ते काम. त्याची किंमत या काठाने मोजली. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या बंधाऱ्याचे काही खांब खचले.

ही उदाहरणे धरणे वाईट असे शिकवण्यासाठी नाहीत. उपाशी माणसाला अन्न देणे हे देवाचे काम आहे. शिकवायचे ते इतकेच, की नदीवर काही करण्याआधी वरच्या आणि खालच्या दोन्ही शेजाऱ्यांना विचारले पाहिजे. हा नियम मोठ्या बंधाऱ्याला लागू आहे, तसा आपल्या वसतिगृहाच्या शोषखड्ड्यालाही.

७. साधने आपल्याजवळच आहेत

शाळेला काय लागते असे आपले सहकारी विचारतात, तेव्हा बहुधा सूक्ष्मदर्शक, तक्ते आणि संगणक यांची यादी पुढे येते. त्यांचा उपयोग आहेच. पण पहिली साधने आपल्या अवतीभवतीच आहेत.

पहिले साधन तलाव. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले गेले, आणि कोहळी समाजाने ती विद्या जपली. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या बोलीत मामा तलाव, झाले. त्यांतले पुष्कळ गाळाने आणि बेशरमच्या झुडपांनी भरले. भंडारा-गोंदिया भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे, पक्षी परत येण्याची वाट केली. तलावाचा काठ म्हणजे जमीन आणि पाणी यांची भेट. खाडीत जे घडते त्यातले पुष्कळ काही इथे छोट्या रूपात दिसते : उथळ पाणी, चिखल, पाणवनस्पती, पिल्लांचा आसरा, पक्ष्यांची गर्दी. मीठ आणि भरती तेवढी नाही. आपल्या शाळेजवळचा तलाव वर्षभर, दर महिन्याला एकदा, त्याच जागी उभे राहून पाहावा. पाणी किती, रंग कसा, कोणते पक्षी, कोणती झाडे, कोण काय कामाला आले. बारा पाने भरली की एक पुस्तक होते.

दुसरे साधन माणसे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाव वनहक्कासाठी देशभर ओळखले जाते. २००९ साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. पण त्याच्या मुळाशी गावाचे अभ्यासगट होते. आधी एकत्र बसून अभ्यास, मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय. शिक्षण आणि गावाचे जगणे वेगळे नसते याचा हा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची शाळाही १९७६ पासून माडिया मुलांमध्ये काम करीत आहे. अशा ठिकाणी आपल्या शिक्षकांनी जाऊन बसावे, पाहावे.

तिसरे साधन पुस्तके. डॉ. राणी बंग यांचे 'गोईण' हे पुस्तक गडचिरोलीतल्या माणसांचे झाडांशी असलेले नाते सांगते. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी हाताशी असावा. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात. एक प्रत छापून वसतिगृहात ठेवता येते.

चौथे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे साधन, भाषा. माडिया बोलणारे मूल शाळेत आले की पहिली काही वर्षे मराठी समजून घेण्यातच जातात. त्याला पाण्याबद्दल, माशांबद्दल, रानाबद्दल जे ठाऊक असते ते माडियात असते. आपण ते कधी विचारतच नाही, म्हणून आपल्याला वाटते मुलाला काही येत नाही. काही काळाने मुलालाही तसेच वाटू लागते. आणि ज्या मुलाला आपल्याला काही येत नाही असे वाटते, ते मूल शाळा सोडते. पर्यावरणाचा तास हा असा एक तास आहे की ज्यात ते मूल शिक्षकापेक्षा जास्त जाणते. त्या तासाला त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावे. शिक्षकाने खडू मुलाच्या हातात द्यावा आणि स्वतः वही घेऊन बसावे.

८. शास्त्रपाठावर मनन

यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. ते आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत आणि शेवटी पोहल्याशिवाय पार करता येणार नाही एवढे होते. पावसाळ्यात नाला ओलांडून शाळेत येणाऱ्या आपल्या मुलांना हे मोजमाप चांगले ठाऊक आहे. ते पाणी खाली उतरून मेलेल्या समुद्राला जिवंत करते. काठावर कोळी जाळी पसरतात, आणि मासे तऱ्हेतऱ्हेचे असतात.

एक ओळ मात्र आपण बहुधा घाईने वाचतो. अकराव्या वचनात सांगितले आहे की तिथल्या दलदली आणि पाणथळ जागा गोड्या होत नाहीत, त्या मिठासाठी राखलेल्या असतात. या वचनाचा अर्थ लावताना काहींनी ती न्यायाची खूण मानली आहे, तर काहींनी त्यात देवाची तरतूद पाहिली आहे, कारण मीठही माणसाला आणि वेदीला लागतेच. खाडीचा अभ्यास केल्यावर मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. देवाने सगळे पाणी एकसारखे केले नाही. गोडे, खारे आणि मचूळ अशा तिन्हींना त्याने जागा ठेवली, आणि प्रत्येकात वेगळे जीव घातले. मचूळ चिखलाची ती निरुपयोगी दिसणारी जागाच नदी आणि समुद्र या दोघांच्या लेकरांना वाढवते.

उपदेशक म्हणतो की सगळ्या नद्या समुद्राकडे जातात तरी समुद्र भरून जात नाही. आपल्या वाट्याला त्या वाटेचा एक तुकडा आला आहे. गोदावरीच्या मुखाशी नरसापूर परिसरात १८३० च्या दशकापासून ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. आपल्याकडून वाहिलेले पाणी तिथल्या विश्वासी कोळ्यांच्या जाळ्यांतून जाते. आपण त्यांची नावे जाणत नाही, पण त्यांच्यासाठी प्रार्थना करू शकतो आणि त्यांच्यासाठी नदी स्वच्छ ठेवू शकतो.

९. चर्चेसाठी प्रश्न

(अ) आपल्या गावचे किंवा शहरातल्या आपल्या वस्तीचे सांडपाणी कोणत्या नाल्यात, कोणत्या नदीत आणि शेवटी कोणत्या समुद्रात जाते? मुंबई, पुणे, नागपूर येथील मंडळ्यांनीही हे शोधून काढावे. पुण्याचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते. नागपूरचे आपल्याचकडे येते.

(आ) आपल्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा शेजारी कोण? त्या दोघांसाठी आपली मंडळी या वर्षी कोणती एक गोष्ट करू शकेल?

(इ) आपल्या घरातल्या किंवा मंडळीतल्या कोणत्या वृद्ध व्यक्तीजवळ नदीचे, माशांचे, झाडांचे ज्ञान आहे? ते कोणी लिहून घेतले आहे का?

(ई) कॉटनच्या बंधाऱ्याने माणसे जगवली आणि माशांची वाट अडवली. असे दोन्ही बाजूंचे काम समोर आले तर निर्णय कसा घ्यावा?

१०. प्रार्थनेचे विषय व मदत

पावसाळ्यात पुराने संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी, आणि नाले ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रार्थना करावी. फुगवट्याच्या पाण्याने शेती गमावलेल्या कुटुंबांसाठी करावी. माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत समजून घेणारे शिक्षक मिळावेत, आणि नदीच्या मुखाशी राहणाऱ्या कोळी बांधवांची जाळी रिकामी राहू नयेत, यासाठीही करावी.

ज्यांना वस्तुरूपाने मदत करायची आहे त्यांनी हातभिंग, टेप, पांढऱ्या ताटल्या, मच्छरदाणीचे कापड, जाड पुठ्ठ्याच्या वह्या, भारताचा नद्या दाखवणारा मोठा भिंतीवरचा नकाशा यांचा विचार करावा. एका वर्गाला वर्षभर एवढे पुरते. ज्यांना प्रत्यक्ष यायचे आहे त्यांनी दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर यावे. तेव्हा नाल्याचा तळ दिसतो, मुले पाण्यात उतरू शकतात, आणि पाहुण्यांना माशांची नावे माडियात शिकवायला ती तयार असतात.